पिवळी रेघ

बयाबाई येणार नाही, हे घरात सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. दोन दसऱ्यांमागं तिच्या बापाच्या, मालोजींच्या, गाडीवर पहिल्यांदा कटर चालला, त्या दिवशी तिनं वरंधहून फोन करून धाकट्या भावाला बजावलं होतं, "बापाची गाडी कापलीस ना सहदेव? आता त्या शेडात मला बोलवू नको." आणि बयाबाईचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. थोरल्या जावेशी तिनं एकदा अबोला धरला होता, तो जाऊ वारल्यावरच सुटला.

म्हणून रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला, पोलादपूरच्या पुढं जुन्या हायवेवर, गॅरेजच्या पुढ्यात एस.टी. थांबली आणि पिशवीत नारळ घेऊन बयाबाई खाली उतरली, तेव्हा सहदेव हातातलं फडकं टाकून जागीच उभा राहिला. सख्खी बहीण दोन वर्षांनी दारात उभी होती. दुसरा कुणी असता तर धावत पुढं गेला असता. सहदेव मात्र एक पाऊल मागं सरकला.

"आक्का, तू?"

"का रे? नको येऊ?" बयाबाईनं चपला काढल्या आणि शेडच्या उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला. "पोरानं फोन केला. म्हणाला, आत्या, गाडीची राखण देतोय, देवीला कोंबडा कापतोय, तू नसलीस तर पहिल्या फेरीला पुढं कोण बसंल? आता यावर काय बोलायचं मी?"

सहदेवनं मुलाकडं बघितलं. यशराज गाडीच्या टपावर पाय सोडून बसला होता आणि गालातल्या गालात हसत होता.

"फेरी?" सहदेव म्हणाला. "तू तर म्हणालास गाडी रस्त्यावर न्यायची नाय. उद्या ट्रेलर येनार, त्याच्यावर चढवायची, की थेट राजस्थान."

"रस्त्यावर कुठं नेतोय? मागच्या कच्च्या वाटेनं काळकाईच्या देवळापर्यंत. दोन किलोमीटर जायचं नि यायचं. आजोबांची रीत मोडायची का, बाबा?"

रीत मालोजींनीच घातली होती. गाडीचं मोठं काम निघालं, की दुरुस्तीनंतरच्या पहिल्या फेरीला घरची माहेरवाशीण पुढं बसवायची आणि गाडी काळकाईच्या पायाशी नेऊन आणायची. लेकीबाळी पुढं बसल्या की गाडी घात करत नाही, असं ते म्हणत. आंबेनळीच्या घाटातून चाळीस वर्षं त्यांनी माणसं ने-आण केली, डोंगरावरच्या वाड्यांतल्या नवऱ्या मुली उतरवल्या, अडलेल्या बायका महाडच्या दवाखान्यात पोचवल्या. त्यांच्या गाडीनं कधी कुणाचा घात केला नाही. त्यामुळं रीतीला नावं ठेवायची घरात कुणाची छाती नव्हती.

सहदेव ही रीत विसरला नव्हता. बयाबाई येणार नाही, म्हणजे माहेरवाशीण नाही, म्हणजे फेरी नाही, असा साधा हिशेब त्यानं मनाशी केला होता. आणि त्याच हिशेबावर विसंबून, आज सकाळी सात वाजता, मुलगा नि सून फुलं आणि कोंबडा आणायला बाजारात गेलेली असताना, त्यानं चोवीसचा पाना घेऊन गाडीखाली सरपटत जाऊन मागच्या डाव्या अंगाचा खालचा नट तीन फेरे सैल केला होता.

*

आता हे त्यानं का केलं, ते सांगायला हवं. सहदेव काही बिघडलेला माणूस नव्हता. साठ वर्षांच्या आयुष्यात त्यानं दुसऱ्याच्या गाडीचा नट कधी अर्धा फेरा कमी आवळला नव्हता. कशेडी घाट उतरून तापलेल्या ब्रेकचे ट्रक त्याच्या दारात रांग लावत, तेव्हा लोक म्हणत, सहदेवनं हात लावला ना, मग झोपून जा. पुढं डोंगरातून बोगदा झाला. गाड्या पलीकडनंच भर्रकन जाऊ लागल्या. जुन्या हायवेवर गवत आलं नाही इतकंच. हाताखालचे दोघे कारागीर चिपळूणला गेले. तीन वर्षांमागं बायकोही गेली. घर गॅरेजच्या मागंच होतं. सकाळी उठून मागच्या दारानं यायचं आणि दिवेलागणीला त्याच दारानं परत जायचं, एवढाच त्याचा दिवस. कधीकधी संध्याकाळी त्याच्या ध्यानात यायचं, की आज आपण दिवसभरात एक शब्द बोललो नाही. मग तो उगाच खाकरून बघायचा.

यशराज पुण्याला होता. शर्यतीच्या गाड्या बांधणाऱ्या एका वर्कशॉपात तो आणि त्याची बायको सेजल, दोघंही कामाला. सहदेव फोन करायचा, "येतोस का रे शनिवारी?" यशराज म्हणायचा, "बघतो." हा 'बघतो' म्हणजे नाही, हे बापाला कळायचं आणि आपल्याला कळलं हे मुलाला कळू नये म्हणून तो म्हणायचा, "हा, बघ सवडीनं."

मग एका शनिवारी यशराज आपणहून आला. शेडच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडलेली आजोबांची गाडी त्यानं उघडी केली आणि बराच वेळ नुसता बघत राहिला. मिलिटरीच्या लिलावात घेतलेली ती साठच्या दशकातली गाडी. गोल दिवे, उभ्या पट्ट्यांची जाळी, गुबगुबीत बॉनेट. "बाबा, हिला वाळवंटात पळवू या," तो म्हणाला. राजस्थानातल्या शर्यतीत जुन्या तोंडाच्या गाड्यांचा वेगळा गट होता. तोंड जुनं, आतडी नवी. सहदेवला त्यातलं वाळवंट कळलं नाही, शर्यतही कळली नाही. मुलगा दर शनिवारी येणार, एवढं कळलं. त्यानं लगेच हो म्हटलं आणि कटर स्वतःच्या हातानं लावला.

दोन वर्षं काम चाललं. मालोजींचं केबिन, बॉनेट आणि दरवाजे ठेवले, बाकी सगळं नवं. पोलादी नळ्यांचा सांगाडा, टर्बोचं डिझेल इंजिन, हातभर खालीवर होणारे शॉक, कमरेपर्यंत येणारे टायर, आत दोन खोल सीटं आणि पाच पट्ट्यांचे बेल्ट. घाटात दरड पडली तेव्हा बॉनेटला बसलेला पोचा सेजलनं भरू दिला नाही. "हा आजोबांच्या सहीसारखा आहे," म्हणाली. महाडच्या जुन्या पेंटरनं तोच फिकट हिरवा रंग जुळवून दिला आणि काचेच्या वर 'आई काळकाई प्रसन्न' लिहिलं.

सेजलची आणखी एक शिस्त होती. नट बरोबर ताकदीनं आवळला, की ती त्याच्यावरून खालच्या लोखंडापर्यंत पिवळ्या मार्करनं एक सरळ रेघ ओढायची. नट केसभर जरी हलला तर रेघ तुटलेली दिसते. सहदेवला पहिल्यांदा हसू आलं होतं. मग पटलं. मग त्या रेघांची भीती वाटू लागली.

कारण काम संपत आलं होतं. गाडी संपली की शनिवार संपणार. मग एका शुक्रवारी दुपारी त्यानं पहिल्यांदा एक शॉकचा नट सैल केला. शनिवारी यशराज म्हणाला, "हे कसं काय ढिलं पडलं?" आणि तो रविवारची दुपारही राहिला. त्या रविवारी तिघं मिळून जेवले. त्यानंतर सहदेवला ती चटकच लागली. त्याचाही एक नेम होता. ब्रेकला हात लावायचा नाही, स्टेअरिंगला हात लावायचा नाही. नुसती खडखड होईल, वेळ जाईल, एवढंच सोडवायचं. आज पहिल्यांदा, चाक धरून ठेवणाऱ्या नटाला हात लावून, त्यानं नेम मोडला होता. शेवटचा दिवस होता. उद्या ट्रेलरवर चढवण्याआधी सेजल सगळ्या रेघा तपासणार, ही तुटलेली दिसणार, मग दोघं घाबरून सगळा मागचा भाग पुन्हा खोलणार. दोन दिवस तरी जाणार होते.

आणि आता त्याच नटाच्या भरवशावर बयाबाई काळकाईच्या चढावर जाणार होती, जिथं एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला ओढ्यापर्यंत सरळ उतार होता.

*

अकरा वाजेपर्यंत सहदेवनं तो नट पुन्हा आवळायचा तीनदा प्रयत्न केला. पहिल्यांदा पाना लेंग्याच्या खिशात घालून तो गाडीकडं निघाला, तर थोरला भाऊ आबाजी आडवा आला.

"सहदेव, बस जरा. निल्याचं काय म्हणणं हाय ते ऐक."

आबाजीचा मुलगा नीलेश याचं नव्या हायवेला हॉटेल होतं. त्याला ही गाडी चौथऱ्यावर चढवून दारात उभी करायची होती, खाली दिवे सोडून. तो मोबाईलवर गाडीचे फोटो काढत फिरत होता.

"काका, शर्यतीत गाडी उलटली तर काय राहील? भंगार. माझ्याकडं हजार लोक रोज बघतील. पणजोबा-आजोबांचं नाव राहील."

"मालोजी तुझे आजोबा. पणजोबा नाय," चुलीपासून रंगूबाईनं मुलाला दुरुस्त केलं. आबाजीची बायको शेडच्या मागं वडे तळत होती आणि तिथूनच सगळ्या बोलण्यात भाग घेत होती.

"तेच गो. नाव तर राहील ना," आबाजी म्हणाला आणि बहिणीकडं वळला. "बया, तू बोल. तूच तर पहिली भांडली व्हतीस गाडी कापली म्हणून. आता जेवढी उरली तेवढी तरी घरात राहू दे."

बयाबाई गाडीच्या दरवाजावरून हात फिरवत होती. "मी अजून काय ठरवलं नाय," ती म्हणाली. "आधी बसून बघंन, मग बोलंन."

दुसऱ्यांदा सहदेव गेला, तर सेजल चाकांना झेंडूच्या माळा बांधत मागच्या डाव्या चाकापाशीच बसली होती. "बाबा, काही हवंय?" तिनं विचारलं. त्यानं मान हलवली आणि परत फिरला. तिसऱ्यांदा तो खाली वाकलासुद्धा, तेवढ्यात यशराजनं हाक मारली, "बाबा, या, नारळ घ्या हातात. गाऱ्हाणं तुम्हीच घालायचंय."

"दादा घालंल. तो थोरला हाय."

"नाय रे बाबा," आबाजी म्हणाला. "आपल्या घरात ज्याच्या हाताचं काम त्याचं गाऱ्हाणं. नांगर सुताराचा, घर गवंड्याचं. ही गाडी तुझ्या हाताची. आम्हाला कुणी विचारून केलीय का, की आता गाऱ्हाण्याला पुढं करतोस?"

त्यातला टोमणा सगळ्यांना कळला. सहदेवनं नारळ हातात घेतला.

गाडीपुढं शेणानं सारवलेल्या चौकोनात पाटावर तांदूळ, हळदकुंकू, पानाचा विडा. डालग्याखाली कोंबडा. सगळे हात जोडून मागं उभे राहिले. सहदेवनं नारळ दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. अजून सांगता येईल, तो मनात म्हणत होता. मुलाला बाजूला घेऊन सांगता येईल, फेरीआधी एकदा बघून घे. पण बघून घे म्हटलं की तो विचारणार, का?

"हे आई काळकाई," त्यानं सुरुवात केली. "चारी शिवेच्या मालकिनी. आज मालोजीच्या लेकरांनी ही राखण तुझ्या पायाशी ठेवलीय, ती गोड मानून घे."

"व्हय म्हाराजा!" मागून सगळे एका आवाजात म्हणाले.

"ही गाडी तुझ्या डोंगरातली. आता परमुलखात, वाळूत चाललीय. तिथं तिच्या म्होरं रहा, तिच्या मागं रहा."

"व्हय म्हाराजा!"

"कुणाची वाकडी नदर असंल ती शिवेच्या भायेर टाक."

"व्हय म्हाराजा!" नीलेश जरा जोरातच म्हणाला.

"या गाडीच्या कामात कुणाच्या हातून, जाणता अजाणता, काय चूकमाक झाली असंल..."

इथं पुढं 'ती पोटात घाल' एवढंच म्हणायचं असतं. शेकडो वेळा म्हटलेलं, झोपेतसुद्धा म्हणता येईल असं. सहदेव थांबला. त्याच्या समोर मालोजींच्या गाडीचे दोन गोल दिवे होते. पुढच्या सीटवर बयाबाईनं आपली पिशवी आधीच ठेवून जागा धरली होती.

"झाली असंल नाय," तो म्हणाला. "झालीय. माझ्या हातून झालीय."

"व्हय म्हाराजा!"

"आज सकाळी मागच्या डाव्या अंगाचा खालचा नट मी सैल करून ठेवलाय."

"व्हय म्हाराजा!" सवयीनं सगळे म्हणाले, आणि आबाजी सगळ्यांत मोठ्यानं.

"गेल्या सालची शर्यत हुकली, तीपन माझ्यामुळं. गिअरबॉक्सची रिंग कुरिअरनं आली व्हती. मी ती पापडाच्या डब्यात लपवली."

आता एकदोघांचाच आवाज आला, तोही अर्धवट.

"पोरगं यावं म्हणून केलं. दर शनिवारी यावं. आजपन दोन दिस राहावं म्हणून केलं. दुसरं काय नाय."

डालग्याखाली कोंबडा पंख फडफडवून गप्प झाला. मग एकट्या बयाबाईचा आवाज आला, अगदी हळू.

"व्हय म्हाराजा."

*

सगळ्यांत आधी नीलेशला वाचा फुटली. "म्हणजे गाडी सेफ नाय. मी काय म्हणत होतो?"

"देवानंच बोलवलं त्याच्या तोंडून," आबाजी म्हणाला. "यशराज, आता हट्ट सोड. राहू दे गाडी हितं. बया, तू उतरव ती पिशवी. नशीब बसली नव्हतीस."

"दादा, तू गप," बयाबाई म्हणाली. "देवानं त्याला खरं बोलायला लावलं, तुझ्या हाटेलाची जाहिरात करायला नाय. नट सैल हाय तर आवळा. त्यात काय एवढं?" आणि ती पाटापुढं तिथंच मांडी घालून बसली. दोन वर्षं रुसलेली बहीण कुणाच्या बाजूची आहे, हे आबाजीला तेव्हा कळलं. तो चुलीकडं निघून गेला आणि रंगूबाईशी उगाच मिठावरून भांडला.

यशराज बापाकडं बघत नव्हता. त्याचा चेहरा लाल झाला होता. "किती वेळा?" त्यानं विचारलं.

सहदेवनं नारळ पाटावर ठेवला.

"एकतीस वेळा," सेजल म्हणाली.

बापलेक दोघांनीही वळून पाहिलं. सेजल मागच्या चाकापाशी उभी होती, हातात उरलेली माळ.

"तुला माहीत होतं?" यशराज म्हणाला.

"गाडी ठोकळ्यांवर उभी होती यश. जागची हलली नाही, तर नट सैल पडणार कुठून? आणि ब्रेकच्या, स्टेअरिंगच्या रेघा कधीच तुटल्या नाहीत. तेव्हाच कळलं, हे काम गाडी ओळखणाऱ्याचं आहे." ती सहदेवकडं बघून म्हणाली, "मी दर शनिवारी तुम्ही चहा करायला गेलात की आधी तुटलेल्या रेघा मोजून ठेवायचे, आवळायचं काम तुम्हा दोघांवर सोडायचे. रिंगचं मात्र मला माहीत नव्हतं बाबा."

"मला का नाही सांगितलंस?"

"कारण मला शनिवार आवडायचे," सेजल म्हणाली. "तुलाही आवडायचे. पण तुला त्यासाठी काम लागतं."

यशराजनं भिंतीवरचा टॉर्क पाना काढला आणि गाडीखाली शिरला. थोड्या वेळानं सहदेवही लेंगा सावरत शेजारी सरपटला. दोघं पाठीवर पडून वरच्या लोखंडाकडं बघत राहिले. नट डोळ्यांपुढंच होता. रेघेचा एक तुकडा इकडं नि एक तिकडं.

"चाकाला धरणारा हा आर्म सुटला असता तर मागचं चाक आडवं झालं असतं," यशराज म्हणाला. "आत्या होती आत. मी होतो."

"हा."

"ही चेष्टा नाय बाबा."

"ठाव हाय. म्हणून तर बोललो सगळ्यांम्होरं. नायतर मेलो असतो पन बोललो नसतो." सहदेवच्या डोळ्यांतलं पाणी कानाकडं ओघळलं, आणि पाठीवर पडल्यामुळं त्याला ते पुसता येईना, हात दोघांच्या मधे अडकला होता.

"नुसतं सांगायचं ना. ये म्हणून."

"सांगत व्हतो की. तू बघतो म्हणायचास. गाडी नसती, नि मी नुसतं ये म्हणालो असतो, तर आला असतास?"

यशराजनं पाना छातीवर ठेवला. खोटं बोलणं सोपं होतं. बाहेर सगळे कान देऊन उभे होते आणि त्यांनाही ते खोटं आवडलं असतं.

"नसतो आलो," तो म्हणाला. "आई गेल्यावर या घरात काय बोलायचं तेच मला कळायचं नाय. तुम्ही पण गप, मी पण गप. गाडी होती म्हणून बोलता तरी येत होतं. बावीसचा पाना द्या, चोवीसचा द्या, असं काहीबाही."

"हा. माझंपन तसंच."

"मी पण एक सांगितलं नाय तुम्हाला. शर्यतीनंतर आम्ही पुण्याला परत जाणार नाय. तिकडंच, जोधपूरला, एका वर्कशॉपनं आम्हा दोघांना बोलावलंय. हो म्हणून झालंय. आज जेवताना सांगणार होतो. नाहीतर उद्या. नाहीतर तिकडून फोनवर सांगितलं असतं."

सहदेवनं ते ऐकलं. दोन दिवसांसाठी आपण एवढा उपद्व्याप केला, आणि इथं वर्षंच्या वर्षं निघून चालली होती. त्याला राग यायला हवा होता. पण राग यायला समोर कुणी चुकलेलं दिसेना.

"चांगलं काम हाय?" त्यानं विचारलं.

"चांगलं आहे."

"मग बरं झालं. आवळ."

यशराजनं पाना लावला. नट ठरल्या ताकदीला आवळला गेला तसा पान्याचा 'कट्' असा आवाज झाला. सेजलनं न सांगता वरून हात खाली केला. हातात पिवळा मार्कर होता. यशराजनं तो घेतला आणि बापाच्या हातात दिला.

सहदेव एका कोपरावर रेलला. त्यानं जुन्या रेघेचे तुकडे अंगठ्यानं खरवडून काढले आणि नटावरून खालपर्यंत एक नवी रेघ ओढली. ती सेजलच्या रेघांइतकी सरळ आली नाही.

*

मग राखण पुरी झाली. नारळ फुटला. बयाबाईला गाडीत चढवायला दोन माणसं लागली आणि पाच पट्ट्यांचा बेल्ट लावताना ती सेजलवर ओरडली, "अगो, बाळंतिणीसारखी बांधतीस का मला?" पण एकदा बसल्यावर तिनं मालोजींच्या दरवाजावर, काचेच्या खाली, बरोबर त्याच जागी कोपर टेकलं, जिथं लहानपणी टेकायची.

गाडीत सीटं दोनच होती. यशराज चालवणार आणि बयाबाई बसणार. इंजिन सुरू झालं तसा शेडचा पत्रा हादरला. गाडी मागच्या कच्च्या वाटेला लागली, पहिल्या खड्ड्यात चाक हातभर खाली गेलं आणि वर आलं, पण केबिन जागचं हललं नाही. आबाजी, नीलेश, सेजल सगळे बघायला मागं धावले. नीलेशचा मोबाईल वरच होता. सहदेव शेडातच उभा राहिला. चढावर आवाज बारीक होत गेला, वळणाआड गेला, पुन्हा एकदा आला आणि मग अजिबात येईना. तेवढ्या वेळात त्यानं पाने पुसून भिंतीवर आपापल्या खिळ्यांना लावून टाकले.

बयाबाई परत आली ती डोळे पुसतच. "बापाच्या गाडीत एवढं सुख नव्हतं रे," ती आबाजीला म्हणाली. "जाऊ दे तिला. धावायची गाडी हाय, हाटेलाम्होरं कशाला बांधतोस?" आबाजीनं तोंड वाकडं केलं, पण वडे दोन जास्तच खाल्ले.

जोधपूरचं जेवताना निघालं. सगळ्यांनी आधी सहदेवकडं बघितलं. तो म्हणाला, "मला म्हाइत हाय," आणि रस्सा वाढून घेतला.

सोमवारी ट्रेलर आला आणि गाडी गेली. निघताना यशराज पाया पडला. सहदेवनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "हवा कमी ठेव वाळूत," जे यशराजला त्याच्यापेक्षा चांगलं माहीत होतं. शेडच्या मधोमध चार ठोकळे आणि तेलाचा एक डाग राहिला. सहदेवनं डाग पुसला नाही.

पुढच्या आठवड्यात काम म्हणून एक मोटारसायकल आली आणि एक माणूस पत्ता विचारायला आला. शनिवारी सहदेव नेहमीसारखा लवकर उठला. तीन कप चहाचं आधण ठेवलं, मग दोन कप पाणी ओतून दिलं. अकराच्या सुमाराला मोबाईल वाजला. सेजलनं फोटो पाठवला होता. सगळीकडं वाळू माखलेली, मधेच बोटानं पुसलेली जागा, आणि तिथं नटावरून खाली आलेली त्याची वाकडी पिवळी रेघ. कुठंही तुटलेली नव्हती. खाली लिहिलं होतं, 'बाबा, पहिला टप्पा पूर्ण. काहीच सैल नाही.'

त्यानं तो फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. आनंद झाला. आपल्या हातचं काम टिकलं, मुलगा सुखरूप आहे. मग हळूहळू ध्यानात आलं, की आता कशालाच काही झालेलं नाही, आणि यशराजनं इकडं यावं असं एकही कारण या शेडात राहिलेलं नाही.

त्यानं फोन लावला. खूप वेळानं उचलला गेला. पलीकडं वाऱ्याचा आणि इंजिनांचा आवाज होता.

"बोला बाबा. काय काम होतं?"

"काम काय नाय," सहदेव म्हणाला. "तू ये."

आता तो 'बघतो' म्हणणार, आणि आपण 'सवडीनं' म्हणणार, हे सहदेवनं मनाशी धरून ठेवलं.

"आत्ता नाय जमणार," यशराज म्हणाला. "हा महिना नाय, पुढचा पण नाय. शिमग्याला येतो. दोघं येतो."

"गाडी घेऊन?"

"नाय. गाडी इथंच राहील. नुसते आम्ही."

"बरं," सहदेव म्हणाला.

फोन ठेवून तो भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेला आणि पानं उलटून शिमगा शोधला. मधे अकरा शनिवार होते. त्यानं ते पुन्हा एकदा मोजले, आणि मग जाऊन शटर वर केलं.